चार नद्या आणि एक तिकीट

मराठी गद्यात काही शब्दसमूह असे आहेत की ते लिहिताना लेखकाला विचार करावा लागत नाही आणि वाचताना वाचकालाही. ‘निसर्गाच्या कुशीत’ हा त्यांतला अग्रगण्य. शालेय निबंधात तो असतो, प्रवासवर्णनात असतो, गृहसंकुलांच्या जाहिरातीत असतो आणि गेली दोन-तीन दशके वॉटरपार्कच्या पत्रकांत तर तो हमखास असतो. डोंगराचा पायथा, हिरवीगार वनराई, राष्ट्रीय उद्यानाची सोबत आणि सहकुटुंब एक दिवसाची धमाल, असा एकूण मजकुराचा साचा. प्रस्तुत लेखाचा विषय ही कूस आहे. ती कोणाची, तिच्यात कोण शिरले आणि तिला ‘कूस’ म्हणण्याची सवय मराठीला कोणी लावली, असे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे भूगोलाच्या आणि कायद्याच्या पुस्तकांत सापडतील. तिसऱ्याचे उत्तर मराठीच्या अध्यापकांनी द्यायचे आहे. ते दिले जात नाही, म्हणून हे लिहिणे.

उदाहरण मुंबई-ठाण्याचे घेते, कारण ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. एका अंगाला बोरिवली-कांदिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड-ठाणे. एवढ्या दाट वस्तीच्या मधोमध बिबट्या नांदतो, याचे जगाला कौतुक आहे. या डोंगरात दोन तलाव आहेत. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. मुंबईकराला घरात नळाचे पाणी मिळू लागले ते विहारमुळे. शिवाय हे उद्यान आणि त्याला लागून असलेली आरे वसाहत यांच्या डोंगरउतारांवरून चार नद्या निघतात : दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी. डोंगरात असेपर्यंत त्या नद्या असतात. खाली उतरून वस्तीत शिरल्या की काही किलोमीटरांत त्यांचा नाला होतो. मुंबईत जन्म काढलेल्या कित्येकांना मिठी ही नदी आहे हे २६ जुलै २००५ रोजी कळले. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठीने आपली जुनी हद्द स्वतःच आखून दाखवली.

आता याच डोंगराच्या पायथ्याशी, उद्यानाच्या हद्दीला खेटून तिकीट काढून आत जाता येते अशी पाण्याची ठिकाणे उभी आहेत. त्यांत घसरगुंड्या असतात, कृत्रिम लाटांचा तलाव असतो, ‘रेन डान्स’ असतो. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक ‘लेझी रिव्हर’ असते. सिमेंटच्या वळणदार पाटातून निळसर पाणी हळूहळू फिरते आणि रबरी चकतीत बसून माणसे त्याबरोबर फिरतात. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचा अर्थ त्या एका पाटात साठला आहे. ज्या शहराने चार खऱ्या नद्यांचे नाले केले, ते शहर त्या नद्यांच्या उगमाशी येऊन तिकीट काढते आणि नदीत बसण्याचा आनंद घेते. या विधानात मला विनोद दिसत नाही. ही आपल्या नागरी जीवनाची जमाखर्चाची वही आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वॉटरपार्कला जाणाऱ्या माणसांची टवाळी करणे हा मराठी ललित लेखकाचा आवडता छंद आहे. ‘आम्ही पहाटे पाखरांचे आवाज ऐकायला जंगलात जातो आणि ही मंडळी गाणी लावून पाण्यात नाचतात’ या सुरात बरेच लिहिले गेले आहे. त्या सुरात मला सूर मिळवायचा नाही. अशा एका पार्कात घरच्या मंडळींबरोबर मी एक संपूर्ण दिवस काढला आहे. तेथे आलेली कुटुंबे कल्याण-भिवंडीकडची, चाळीतली, दोन खोल्यांतली होती. मे महिन्याचा उकाडा, घरी पाण्याची ठरावीक वेळ, आणि येथे हवे तितके भिजायला मिळते आहे. माझ्या सासूबाई कोकणातल्या. लाटांच्या तलावाच्या उथळ कडेला त्या तासभर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, “पाणी वाहिलं जन्मभर. पाण्यात बसले नव्हते कधी.” विहिरीत पोहायचे ते मुलांनी आणि पाणी शेंदायचे ते मुलींनी, अशी वाटणी असलेल्या समाजात हे वाक्य साधे नाही. मराठीतल्या नदीकाठच्या सगळ्या रम्य आठवणी बहुतांशी पुरुषांच्या का असतात, याचे उत्तर त्यात आहे. तेव्हा पाण्यात बसण्याची ही भूक खोटी आहे असे म्हणणाऱ्याशी माझे पहिले भांडण आहे. ती भूक खरी आहे. प्रश्न तिच्या पुरवठ्याचा ठेका कोणाकडे गेला आणि कोणत्या जागी, हा आहे.

त्याच दिवशी दिसलेल्या आणखी दोन गोष्टी सांगते. मुलांच्या तलावात सिमेंटचा एक वाघ होता. त्याच्या शेपटीकडून चढायचे आणि जबड्यातून घसरत पाण्यात पडायचे. आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या भिंतीवर वारली पद्धतीची चित्रे होती : तारपा वाजवणारा मधोमध, भोवती नाचणारा फेर, आणि त्या फेराला छेदून ‘स्त्रिया’ व ‘पुरुष’ असे बाण. भिंतीपलीकडच्या डोंगरात वारल्यांचे पाडे आहेत आणि त्या पाड्यांवर वाघोबा पुजला जातो. वारली स्त्रिया लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. भिंतीपलीकडचा देव येथे घसरगुंडी झाला होता आणि भिंतीपलीकडचे लेखन येथे पाटी झाले होते. आदिवासी जीवन आणि वन्य जीवन या दोहोंची आपल्या संस्कृतीने कोणती जागा ठरवली आहे, हे समजून घ्यायला याहून नेमके चित्र मिळणार नाही.

या डोंगराला पाण्याची एक जुनी परंपरा आहे आणि तिचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत येत नाही. उद्यानाच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी, सुमारे हजार वर्षांचा वावर. प्रत्येक विहारापाशी कातळात खोदलेले पाण्याचे टाके आणि पावसाचे पाणी त्या टाक्यांत आणून सोडणाऱ्या कातळातल्या पन्हळी. तेथील शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढि’ म्हटले आहे. आपल्या गडकिल्ल्यांवर हिंडणाऱ्यांच्या तोंडी ‘पोढी’ हा शब्द आजही आहे. ज्या विद्यार्थ्यांना प्राकृत आणि मराठी यांचा संबंध शिकवताना आपली दमछाक होते, त्यांना हा एक शब्द कातळावर दाखवता येतो. व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी अशा अनेकांनी ही टाकी दान दिली. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीचा संबंध असलेला एक प्रसिद्ध लेख येथे आहे, आणि तोही पाण्याच्या टाक्याच्या दानाचाच. दाता सतेरक नावाचा अमात्य. अशा दानासाठी या लेखांत ‘देयधर्म’ असा शब्द येतो. अनोळखी वाटसरूची तहान भागावी म्हणून दिलेले पाणी, आणि देणाऱ्याचे नाव कोरून ठेवण्याइतके ते मोलाचे. डोंगर तोच, पाऊस तोच. एका काळी त्या पावसाचा देयधर्म झाला, आज त्याच्या सान्निध्याचे प्रवेशशुल्क झाले.

यावर कोणी म्हणेल की दानाचा काळ गेला, आता बाजाराचा आहे. म्हणो. परंतु महाराष्ट्रात पाण्याच्या दाराशी उभे राहून बोलताना दुसरी एक आठवण टाळता येत नाही. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. ते प्रत्यक्षात खुले करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले आणि न्यायालयातला निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले. ‘सार्वजनिक पाणवठा’ हा शब्द महाराष्ट्राने इतक्या मोलाने मिळवला आहे. तिकीट काढणाऱ्याला जात विचारली जात नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्याचे मोलही मी कमी लेखत नाही. पण ज्या समाजाने पाणवठा सार्वजनिक करण्यासाठी दहा वर्षे न्यायालयात घालवली, त्याने तो मिळाल्यावर नासू दिला आणि पाण्याचा आनंद कुंपणाआड विकत घेतला, तर त्या लढ्याचे आपण काय केले? नदी नासली की ती सर्वांसाठी बंद होते. तिकिटाची खिडकी मात्र ऐपत असलेल्यासाठीच उघडते.

आता प्रतिपक्षाच्या युक्तिवादांकडे वळते. ते दुबळे नाहीत.

पहिला : वॉटरपार्कमध्ये पाणी वाया जात नाही. ते गाळून, क्लोरीन घालून पुन्हा पुन्हा फिरवले जाते. भर घालावी लागते ती बाष्पीभवनाची, अंगाबरोबर बाहेर जाणाऱ्या पाण्याची आणि गाळणी धुण्याची. हे खरे आहे. राज्यातल्या उसाशी तुलना केली तर ही उधळपट्टी क्षुल्लक ठरेल, हेही खरे. पण २०१६ चा उन्हाळा आठवावा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी पाठवावे लागत होते आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. मैदानांवर शिंपडलेल्या पाण्याने लातूरची तहान भागली नसती, हे न्यायालयालाही ठाऊक असणारच. तेव्हाचा प्रश्न लिटरांचा नव्हता, अग्रक्रमाचा होता. टंचाईच्या ऐन महिन्यांत ज्या व्यवसायाचा हंगाम भरात येतो, त्याला हा प्रश्न दरवर्षी विचारलाच पाहिजे.

दुसरा : येथे सुरक्षितता आहे. हा युक्तिवाद मला सर्वांत वजनदार वाटतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण प्रवाहात वाहून गेले. दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर अशी माणसे जातात. त्यांना पाण्यात उतरायचे असते आणि सुरक्षितपणे उतरता येईल अशी जागा जवळपास नसते. यावर प्रशासनाचे उत्तर बंदीचा आदेश आणि बाजाराचे उत्तर तिकीट. तिसरे उत्तर असू शकते : जीवरक्षक असलेले, स्वस्त, सार्वजनिक पाणवठे. दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा तरणतलाव पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. अशक्य असे त्यात काही नाही. शहराच्या लोकसंख्येच्या मानाने असे तलाव फार थोडे आहेत, एवढेच. तेव्हा सुरक्षिततेचा मुद्दा मान्य करून मी त्याचा निष्कर्ष उलटा काढते. तो पार्कच्या बाजूचा पुरावा नसून नगरपालिकांविरुद्धचा आहे.

तिसरा : पार्क उद्यानाच्या हद्दीबाहेर, खासगी जमिनीवर आहे, मग आक्षेप कशाला? आक्षेप हद्द या कल्पनेलाच आहे. जंगल नकाशावरच्या रेषेशी संपत नाही, हे सरकारलाही मान्य आहे. म्हणून तर २०१६ च्या डिसेंबरात या उद्यानाभोवती पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. अशा क्षेत्रांसाठी केंद्राने २०११ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. या पट्ट्याने जंगलापर्यंत पोहोचणारे धक्के शोषून घ्यावेत, असा त्यांचा आशय. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या जूनमध्ये देशभर असा पट्टा किमान एक किलोमीटरचा असावा असे म्हटले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ती सरसकट अट सैल केली. म्हणजे पट्ट्याची रुंदी ही वाटाघाटीची वस्तू आहे. या पट्ट्याने झेलायचा तो धक्का म्हणजे काय? दिवसभराचे ध्वनिक्षेपक, रात्रीचे दिवे, हजारो माणसांचा कचरा, कूपनलिका आणि वाहनतळ. रक्षणासाठी आखलेला पट्टाच जंगलाचे सान्निध्य विकण्याचे दुकान झाला, तर धक्का शोषणार कोण?

आणि हद्दीचा कायदा सर्वांना सारखा जाचत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर या उद्यानातल्या हजारो झोपड्या हटवल्या गेल्या. उद्यान होण्यापूर्वीपासून राहणाऱ्या आदिवासींनाही आपण अतिक्रमक नाही हे सिद्ध करत बसावे लागले. शहराला पाणी पाजणाऱ्या तलावांच्या आसपासच्या पाड्यांना स्वतःच्या नळासाठी वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. कायद्याच्या भाषेत झोपडी, पाडा आणि पार्क या तिन्ही गोष्टी एक नाहीत, हे मी जाणते. मी मराठीची अध्यापक आहे, म्हणून मराठी भाषेत त्यांचे काय होते ते पाहते. झोपडीला आपण ‘अतिक्रमण’ म्हणतो, पाड्याला ‘मागास’ म्हणतो आणि पार्कला ‘निसर्गरम्य’. एका डोंगराच्या तीन रहिवाशांना लावलेली ही तीन विशेषणे म्हणजे एक संपूर्ण राजकारण आहे, आणि ते आपल्या शब्दकोशात बिनबोभाट चालते.

येथे तिसऱ्या प्रश्नाकडे येते. ‘निसर्गरम्य’, ‘हिरवी वनराई’, ‘निसर्गाच्या कुशीत’ ही भाषा जाहिरातवाल्यांनी निर्माण केली नाही. त्यांना ती आयती मिळाली. पाठ्यपुस्तकांनी निसर्गकवितेचा एक सौम्य, गुळगुळीत अर्क काढला. त्यात झाड म्हणजे कुठलेही झाड आणि पाखरू म्हणजे कुठलेही पाखरू. निबंधाच्या मार्गदर्शिकांनी तो घोटून घेतला. ‘माझी सहल’ या विषयावर दहापैकी आठ गुण मिळवणारा विद्यार्थी पुढे पत्रक लिहू लागला तर त्याला नवीन काही शिकावे लागत नाही. जी भाषा झाडाचे नाव विचारत नाही, तिला झाड तोडल्याचे कळतही नाही.

मराठीत दुसरी भाषा नव्हती असे नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. चैत्र ते फाल्गुन असा त्याचा क्रम. त्यात झाडाला त्याचे नाव आहे आणि फुलाला त्याचा महिना. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या आहेत, सत्तेसाठीचे झगडे आहेत, पिल्लांची हत्या आहे, तेथे निसर्गाला कूस नाही, नियम आहेत. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत जंगलातल्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि मराठीला दिले. ही पुस्तके आपल्या अभ्यासक्रमांत अधूनमधून असतात. पण ती ‘ललित गद्य’ या कप्प्यात शिकवली जातात आणि प्रश्न विचारला जातो तो लेखकाच्या भाषाशैलीची वैशिष्ट्ये सांगा असा. विद्यार्थी ‘चित्रदर्शी’, ‘काव्यात्म’, ‘ओघवती’ असे लिहितो आणि उत्तीर्ण होतो. ज्ञानाने भरलेल्या गद्याचे आपण अशा रीतीने पुन्हा ‘निसर्गरम्य’ करून टाकतो. मराठी विभागांनी केलेले हे नुकसान कोणत्याही पार्कच्या मालकाने केलेल्या नुकसानापेक्षा कमी आहे, असे मला वाटत नाही.

म्हणून माझ्या मागण्या दोन प्रकारच्या आहेत. नागरिक म्हणून मागणी अशी की राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यात अशा नव्या व्यवसायांना जागा असू नये. आणि जे आधीपासून आहेत त्यांचे पाणी कोठून येते, किती येते आणि उन्हाळ्यात किती लागते, याचा हिशेब प्रवेशदरांच्या फलकाशेजारी दर महिन्याला लावला जावा. चार नद्यांच्या शुद्धीकरणाची भाषा अनेक वर्षे ऐकू येते. तिचे मोजमाप एकच असावे : त्यांच्या काठावर लहान मुलाला पाण्यात पाय सोडून बसता येते की नाही.

अध्यापक म्हणून मागणी सोपी आहे आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. उपयोजित मराठीच्या तासाला ‘आकर्षक जाहिरात तयार करा’ हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे घालत आलो आहोत. त्याऐवजी अशा पार्कचे एखादे खरे पत्रक उतारा म्हणून द्यावे आणि खाली प्रश्न असे घालावेत : या उताऱ्यात उल्लेखलेल्या ‘वनराई’तील पाच वृक्षांची नावे लिहा. ‘कूस’ या शब्दाने सूचित झालेली आई कोण आणि तिची मुले कोण ते स्पष्ट करा. उताऱ्यातील नदीचा उगम सांगा.

पहिले एक-दोन वर्षे उत्तरपत्रिका बहुधा कोऱ्या येतील. हरकत नाही. त्या कोऱ्या जागेत आपल्याला काय शिकवायचे राहिले आहे, ते तरी दिसेल.